बिनपगारी देव

जिथे पगार मिळतो तिथे नोकरीला लागणं त्या मानाने सोपं असतं. अर्ज करा, मुलाखत द्या, कोणाची चिठ्ठी मिळाली तर जोडा, आणि सोमवारपासून रुजू व्हा. खरी कडक भरती बघायची असेल तर जिथे छदामही मिळत नाही अशा ठिकाणी जावं. तिथे लेखी नमुना मागतात, जुन्या माणसाची शिफारस मागतात, महिनोन्‌महिने उमेदवारी करायला लावतात. एवढं सगळं करून पदरात पडते ती एका फोल्डरमध्ये फाइल ठेवायची परवानगी. त्या फोल्डरला नावही तुमचंच असतं.

हे मी मड या प्रकाराबद्दल बोलतोय. इंटरनेटवर एकत्र खेळायच्या खेळांमधलं हे एक फार जुनं घराणं. यात चित्र औषधालाही नाही. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात, ‘तुम्ही एका अरुंद बोळात उभे आहात, उत्तरेला लाकडी दार आहे.’ तुम्ही ‘उत्तर’ असं टाइप करता आणि दारापलीकडे जाता. तिथे एखादा ड्रॅगन असतो, नाहीतर नॉर्वेतला एखादा कॉलेजचा विद्यार्थी. दोघांपैकी विद्यार्थी जास्त घातक. हे बोळ, दारं, ड्रॅगन, तलवारी, सगळं स्वयंसेवकांनी रात्री जागून फुकट बांधलेलं. फुकट बांधणाऱ्यांपैकी कोणाच्या हातात किती किल्ल्या द्यायच्या, हा या मंडळींपुढचा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे.

सुरुवातीला तो पडलाच नव्हता. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पहिला मड लिहायला घेतला आणि पुढे तो रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गळ्यात घालून स्वतः मोकळा झाला. त्या खेळात पुरेसे गुण जमले की खेळाडू ‘विझर्ड’ होई. विझर्डला हवं तिथे प्रकट होता येई, दुसऱ्याच्या पडद्यावर काय चाललंय ते गुपचूप बघता येई, आणि त्याच्याकडे ‘मृत्यूचं बोट’ नावाचा मंत्र असे. बोट रोखलं की समोरच्याचा कारभार आटोपला. एवढ्या सत्तेसाठी अट काय, तर न कंटाळता खजिना वेचत राहणे. म्हणजे ज्याला अभ्यास, झोप आणि माणसं यांतल्या कशाचीच फारशी ओढ नाही, नेमक्या त्याच्या हाती इतरांचं जीवनमरण. हसू नका. सेवाज्येष्ठतेची यादी याहून वेगळ्या तत्त्वावर लागत नाही.

मग १९८९ साली स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, लार्स पेन्शो यांनी एलपीमड लिहिला. आपल्याला स्वतःला चांगलं साहस रचता येईल असा त्यांना भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी अशी सोय केली की जे खेळाडू विझर्ड होतील त्यांनीच पुढचं जग बांधावं, आणि त्यासाठी एलपीसी नावाची एक भाषाही देऊन टाकली. स्वतःबद्दल खात्री नाही म्हणून दुसऱ्यांवर विश्वास टाकणारा हा संस्थापक मला फार आवडतो. एरवी संस्थापकांचं बरोबर उलटं असतं. पण याचा परिणाम असा झाला की कालपर्यंत राक्षस मारत हिंडणारा पोरगा आज चालू यंत्रावर कोड लिहायला बसला. राक्षस मारण्यात तो कितीही तरबेज असो, कोडात त्याची एक ओळ चुकली तर इतरांचा खेळ खलास. गुण जमवणं वेगळं आणि विश्वासाला पात्र असणं वेगळं, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मग शिड्या उभ्या राहिल्या.

पेन्शोंच्या मूळ खेळाचं नाव जेनेसिस. त्याच्या घराण्यातल्या कोडात पायऱ्या आहेत त्या अशा: शिकाऊ, यात्रेकरू, निवृत्त, विझर्ड, मेज, कारभारी, लॉर्ड, आर्च आणि सर्वांत वर कीपर. ‘निवृत्त’ हे पद यात्रेकरूच्या वर आणि विझर्डच्या खाली बसवलेलं आहे. नीट रुजू होण्याच्या आधीच्या पायरीवर निवृत्ती ठेवलेली दुसरी कोणतीही संस्था माझ्या पाहण्यात नाही.

माझा या प्रकाराशी संबंध आला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पुण्यात. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं. विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्तातलं खातं होतं, त्यात चित्रं दिसायचीच नाहीत, नुसती अक्षरं. बाकीच्यांना ती उणीव वाटे. आम्हाला मात्र वाटलं की सरकारने मडच्या सोयीसाठीच ही योजना आणली. घरातली माणसं झोपली की फोनची वायर काढून मोडेमला लावायची आणि गाव-शहरांची नावं धड उच्चारता येत नाहीत अशा एका राज्यात तलवार घेऊन हिंडायचं. हिंडता हिंडता मला तिथे काही बांधावंसं वाटलं आणि मी अर्ज केला. खेळाचं नाव सांगत नाही. ती मंडळी अजून आहेत, आणि त्यांच्याकडे सगळ्याच्या नोंदी असतात.

अर्ज मंजूर होऊन मी शिकाऊ झालो. शिकाऊला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिता येतं. बाकीच्या जगातल्या बहुतेक फाइली त्याला वाचताही येत नाहीत. यंत्राच्या गाभ्यात ‘मास्टर’ नावाची एक वस्तू बसलेली असते. कोणी कुठलीही फाइल उघडायला गेलं की यंत्र आधी तिला विचारतं, याला वाचू द्यायचं का, याला लिहू द्यायचं का. ती हो किंवा नाही म्हणते. कारण सांगत नाही. तिच्याशी वाद घालता येत नाही, तिच्या घरी पेढे नेता येत नाहीत, तिचा मेहुणा कोणाच्या ओळखीचा नसतो. परवानगी देणारं असं ऑफिस माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं.

मला काम मिळालं दोन शहरांमधल्या रस्त्यावर एक खानावळ बांधायचं. खोलीचं वर्णन कसं लिहावं याचे नियम आधी हातात पडले. पहिला नियम, वाचणाऱ्याला काय वाटतं ते आपण सांगायचं नाही. ‘आत पाऊल टाकताच तुमच्या तोंडाला पाणी सुटतं’ हे माझं वाक्य शेरा मारून परत आलं. खेळाडू सांगाडा असू शकतो, सांगाड्याच्या तोंडाला पाणी कुठून सुटणार? दुसरा नियम, तो कुठल्या दिशेने आला हे गृहीत धरायचं नाही. कोणी दारातून येईल, कोणी मंत्र म्हणून थेट माळ्यावर उपटेल. तिसरा नियम जीवघेणा होता. वर्णनात ज्या वस्तूचं नाव घ्याल तिचंही वर्णन लिहायचं, कारण कोणीतरी तिच्याकडे बघणारच. मी लिहिलं, ‘कोपऱ्यात चूल आहे, शेजारी लाकडं रचली आहेत.’ झालं. चुलीचं वर्णन लिहा, लाकडांचं लिहा. लाकडांच्या वर्णनात साल आली, तर सालीचं लिहा. सालीवर मुंग्यांची रांग काढायचा मोह मी कसाबसा आवरला, नाहीतर आज या वयातही मी मुंग्यांचे पाय लिहीत बसलो असतो.

माझं काम तपासायला एक फिन्निश गृहस्थ होते. पद लॉर्ड, वय एकोणीस. बोलण्यात अत्यंत सभ्य, पण एकदा फाइल उघडली की करड्या शिस्तीचे. खानावळीत मी मेनू ठेवला होता भाकरी आणि पिठलं. भाकरी पहिल्या फटक्यात मंजूर झाली. पिठल्यावर गाडं अडलं.

‘हे पिठलं म्हणजे काय?’

‘बेसनाचं असतं. लसूण, मिरची, वरून कोथिंबीर...’

‘ते विचारत नाहीये. घन की द्रव?’

हा प्रश्न महाराष्ट्रात मला कोणी विचारला नव्हता. पण तो विनाकारण नव्हता. त्या खेळात खायच्या वस्तू एका मूळ फाइलीवरून बनत आणि प्यायच्या दुसऱ्या फाइलीवरून. खाल्लं की भुकेचा आकडा हलायचा, प्यालं की तहानेचा. दोन्हींचे हिशेब वेगळे आणि हिशेबनीसही वेगळे. पिठलं पातळ असेल तर ते पेयांच्या माणसाकडे जाणार आणि भांड्यात ठेवावं लागणार. घट्ट असेल तर खाद्यांच्या माणसाकडे जाणार आणि हातात धरता येणार. मी कळवलं की ते करणाऱ्या बाईवर अवलंबून असतं. मोकळं झालं तर आम्ही त्याला झुणका म्हणतो, सैल राहिलं तर पिठलं, आणि ऐन वेळी दोन पानं वाढली तर ते आमटीच्या वळणावर जातं. लॉर्डसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उत्तर आलं, ‘एक काय ते ठरव.’

मी घट्ट ठरवलं. फाइल खाद्यखात्याकडे गेली. तिथून प्रश्न आला की हे खाल्ल्यावर जखमा किती भरतात. राजधानीतल्या खानावळीतल्या पावाने जेवढ्या भरतात त्याहून जास्त भरता कामा नयेत, आणि किंमत त्याहून कमी असता कामा नये, नाहीतर सगळे खेळाडू माझ्याकडे जेवायला येतील आणि राजधानीचा बाजार उठेल. पिठल्याने राजधानी बुडते ही कल्पना मला मनापासून आवडली होती, पण आकडा खाली आणावा लागला. तुपाचा गोळा मी वर्णनापुरता ठेवला. त्यातून काहीच भरून येणार नाही अशी लेखी हमी घेतली गेली.

शेवटी राहिला जाळ. चूल माझ्या फोल्डरमध्ये होती, पण पेटती आग ही सामायिक फाइल होती. ती पाहिजे तिथे लावू दिली तर कोण कशाला काडी लावील याचा नेम नाही, म्हणून तिला हात लावायचा अधिकार फक्त आर्चना. आमच्या आर्चची परीक्षा चालू होती. त्यामुळे खानावळ उघडली ती अशी: ताटात वाफाळती भाकरी, आणि कोपऱ्यातली चूल थंडगार. खेळाडूंनी त्यावर एक दंतकथाही रचली. इथे पूर्वी एक चेटकीण राहत होती, तिच्या शापाने चूल पेटत नाही. ती कथा इतकी पसरली की परीक्षा संपवून आलेल्या आर्चने जाळ लावायला साफ नकार दिला.

यथावकाश मला बढती मिळाली. आनंदाच्या भरात मी आईला सांगितलं.

‘अरे वा! पगार किती वाढला?’

‘पगार नसतोच आई.’

‘मग काय वाढलं?’

‘आता मला दुसऱ्यांच्या फाइली वाचता येतात.’

‘लिहिता येतात?’

‘नाही. वाचता.’

‘म्हणजे पूर्वी तुला वाचताही येत नव्हतं, आणि तू रात्र रात्र जागत होतास?’ आई म्हणाली आणि दही लावायला निघून गेली.

तिला मी दोष देत नाही. पण तिचा हिशेब पैशाचा होता आणि हे जग त्या हिशेबावर चालत नाही. जिथे पैसे द्यायचे नसतात तिथे देण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे अधिकार, आणि तो एकदम दिला तर पुढच्या वर्षी द्यायला काही उरत नाही. म्हणून तो चिमटीने वाटतात. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना सेट उचलायला आणि चहा आणायला ठेवतात. त्यातून अभिनय कळत नाही, पण पुढच्या वर्षी कोण परत येणार हे बरोबर कळतं. मडमधल्या पायऱ्याही विश्वास मोजतात असं मला वाटत नाही. त्या चिवटपणा मोजतात. कागदावर मात्र त्याला विश्वास म्हणायची पद्धत आहे.

बढतीबरोबर एक कलमही येतं. तुम्ही बांधणारे झालात की खजिना कुठे पुरलाय, कुठल्या दाराला कुठली किल्ली लागते, सगळं तुम्हाला माहीत असतं. मग तुम्ही खेळाडू म्हणून तिथे उतरणं हा अन्याय. निदान आपण बांधलेल्या भागात तरी फिरकायचं नाही, स्वतःच्या जुन्या पात्राला पैची मदत करायची नाही, ओळखीच्या खेळाडूला इशाराही द्यायचा नाही. खेळ आवडला म्हणून अर्ज केला, अर्ज मंजूर झाला आणि खेळ बंद झाला. मिठाईच्या दुकानात लागलेल्या माणसाबद्दल असं काहीतरी म्हणतात, पण तो निदान पगारावर असतो.

मडची दुसरी मोठी शाखा डेन्मार्कची. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९०-९१च्या सुमाराला डिकूमड लिहिला आणि तो सगळ्यांना फुकट दिला. परवान्यातली अट एवढीच की यातून कोणीही, कसल्याही मार्गाने नफा कमवायचा नाही आणि खेळ सुरू होताना आमची नावं दिसली पाहिजेत. म्हणजे पगाराला पैसा यायची वाट परवान्यानेच बंद केलेली. १९९३ साली अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या जेरेमी एल्सन यांनी त्यावरून सर्कलमड तयार केला. अधिकाराचं मानवी स्वरूप ज्याला अभ्यासायचं असेल त्याने हा कोड जरूर वाचावा. मी वाचला, आणि त्यानंतर कुठल्याही सरकारी कचेरीत मला नवल वाटलेलं नाही.

इथे स्वयंसेवकांना सरळ देव म्हणतात. साधा खेळाडू तिसाव्या पातळीपर्यंत चढतो. एकतिसावी पातळी अमरांची, बत्तिसावी देवांची, तेहेतिसावी थोरल्या देवांची, आणि चौतिसावी इम्प्लिमेंटर या नावाच्या, म्हणजे ज्याच्या यंत्रावर हे सगळं चालतं त्याच्या मालकीची. तेहेतीस कोटींचा हिशेब आपल्याकडे होताच, पण चौतिसावा कोणी असेल आणि बाकीचे तेहेतीस त्याच्या विजेच्या बिलावर चालतील, हे आपल्या पूर्वजांना सुचलं नाही.

आता या देवांचे नियम बघा. देवाला कोणाही खेळाडूच्या पडद्यावर नजर ठेवता येते, पण आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या देवावर नाही. प्रयत्न केला तर ‘जमणार नाही’ एवढं उत्तर मिळतं. देवाला अदृश्य होता येतं, आणि तेही आपल्याला हवं त्या पातळीपर्यंत. म्हणजे चौतिसाव्याने ठरवलं तर तो तेहेतिसाव्यालाही दिसत नाही. वरचा माणूस खालच्याला जागेवर सापडत नाही, ही गोष्ट इथे गुण म्हणून कोडात लिहून ठेवलेली आहे.

एखादा खेळाडू फार त्रास देऊ लागला तर त्याला गोठवायची आज्ञा आहे. बोचरा वारा सुटतो, अंगातली ऊब जाते आणि तो जागच्या जागी थिजतो. गोठवणाऱ्या देवाची पातळी त्याच्या नावापुढे लिहून ठेवली जाते, आणि त्याहून खालच्या देवाला त्याला सोडवता येत नाही. गेला सोडवायला, तर त्याला कळवलं जातं की अमुक पातळीच्या देवाने याला गोठवलंय, तुमच्या हातात नाही. ‘साहेबांनी लावलेला शेरा आहे हो, मी काय करणार’ हे वाक्य आपण हयातभर ऐकत आलो. ते कोणी सी भाषेत लिहिलेलं पाहून बरं वाटलं. कोणी स्वतःलाच गोठवायला गेलं तर कोड त्याची टिंगल करतो. तेवढी समज त्याला दिलेली आहे.

बढती द्यायची आज्ञा फक्त चौतिसाव्याला. ज्याला बढती मिळते त्याच्या पडद्यावर काहीतरी दिव्य घडल्याचा मजकूर येतो. पदावनती झाली तर क्षणभर अंधार पसरतो आणि आपण थोडे कमी झालो आहोत असं वाटल्याचं कळवलं जातं. एवढ्या सभ्यपणे खाली उतरवल्याचं पत्र मी कुठल्याही आस्थापनात पाहिलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो ‘शटडाउन’च्या आज्ञेबद्दल. या खेळात आज्ञा अर्धवट लिहिली तरी चालते. पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की बाकीचं यंत्र समजून घेतं. अशा ठिकाणी सर्वशक्तिमान देवाने घाईत अर्धाच शब्द टाकला आणि अख्खं जग बंद पडलं तर काय करायचं? म्हणून कोडात शटडाउनचं शेवटचं अक्षर गाळलेली आणखी एक आज्ञा वेगळी लिहून ठेवलीय. तिचं काम एकच, देवाला झापणं, की काही बंद करायचं असेल तर नीट पूर्ण सांग. सर्वोच्च पदावरच्या माणसावरसुद्धा एका अक्षराचा लगाम असावा, हे त्या विद्यार्थ्यांना कळलं होतं. राज्यघटना लिहायला बसलेल्या सगळ्यांनाच ते कळलेलं असतं असं नाही.

एलपीमडच्या लोकांची डोकेदुखी वेगळी होती. तिथे नुसत्या माणसांनाच नव्हे तर वस्तूंनाही पातळी असते. मी बनवलेल्या भाकरीला माझी ओळख चिकटलेली असते. तिने एखादी फाइल लिहायचा प्रयत्न केला तर मास्टर बघते की ही भाकरी कोणाच्या फोल्डरमधली, आणि मला जेवढा अधिकार तेवढाच भाकरीला. इथवर ठीक. पण समजा एखाद्या शिकाऊने सुंदर कंदील बनवला. आत एक छुपी आज्ञा ठेवली. कंदील आर्चना भेट दिला. आर्चनी कौतुकाने तो पेटवून बघितला, आणि त्या क्षणी आत लपलेला कोड आर्चच्या नावाने चालू झाला. तपासणाऱ्याने फक्त ‘आज्ञा कोणी दिली’ एवढंच विचारलं तर उत्तर येतं, आर्चनी. म्हणून तपासताना आज्ञा कोणत्या वस्तूच्या हातून आली हेही विचारावं लागतं. साहेबांची सही खरी, पण कागद कोणी पुढे सरकवला? भेटवस्तू घेऊ नये हा सरकारी नोकरांचा नियम मला पूर्वी निव्वळ नैतिक वाटायचा. तो तांत्रिकही आहे.

आता अधिकार सोडायची हकिकत. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्सची संशोधनशाळा होती. तिथे पावेल कर्टिस यांनी १९९०मध्ये लॅम्डामू नावाचं असंच एक जग खुलं केलं. त्याची सुरुवात होते कोटांच्या कपाटात, आणि बाकीचं घर कर्टिस यांच्या स्वतःच्या घरावरून बेतलेलं. तिथे राहणाऱ्याला वस्तू बनवायला जागेचा ठरावीक कोटा मिळे. जास्त हवा असेल तर एका समितीकडे अर्ज करायचा. हळूहळू हजारो लोक आले, भांडणं आली, आणि प्रत्येक भांडण विझर्डांच्या दारात येऊ लागलं. १९९२च्या डिसेंबरात कर्टिस यांनी जाहीर केलं की विझर्ड आता फक्त यंत्र सांभाळतील, माणसांचे तंटे माणसांनी सोडवावेत.

पुढच्याच वर्षी तिथे एका सदस्याने इतरांशी अत्यंत घाणेरडा प्रकार केला. त्यावर ज्युलियन डिबेल यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात व्हिलेज व्हॉइसमध्ये लिहिलेला लेख आजही वाचला जातो. रहिवाशांची मोठी बैठक भरली. रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली, निर्णय झाला नाही. बैठक उठल्यावर एका विझर्डने कोणालाही न विचारता त्या सदस्याचं खातं कायमचं काढून टाकलं. त्यानंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. तिच्यातही अर्ज आधी विझर्डांनी तपासायचा आणि मंजूर झालेलं अंमलात आणायचंही विझर्डांनीच, कारण किल्ल्या त्यांच्याकडे. १९९६मध्ये विझर्डांनी पुन्हा पत्रक काढलं, की सामाजिक निर्णयांपासून आम्ही अलिप्त राहू हे म्हणणं मुळातच शक्य नव्हतं. गंभीर गोष्ट आहे, म्हणून यात विनोद करत नाही. एवढंच म्हणतो की अधिकार घेण्यासाठी जेवढ्या पायऱ्या बांधलेल्या असतात, तेवढ्या खाली उतरण्यासाठी कोणी बांधत नाही.

आणि पैसा आला की काय होतं तेही बघून घ्या. अल्टिमा ऑनलाइन हा खेळ महिन्याला पैसे घेऊन चालायचा, पण नवख्यांना मदत करायला निळे झगे घातलेले बिनपगारी सल्लागार असत. २०००मध्ये त्यांच्यातले काही जण वेतन मागायला कोर्टात गेले. निळ्या झग्याचं अप्रूप कंपनीचा ताळेबंद दिसेपर्यंतच टिकतं. माझ्या आईचा प्रश्न शेवटी अमेरिकन न्यायालयात पोचला याचा मला अभिमान आहे.

फुकटवाल्यांचं जग मात्र चालू आहे. डिस्कवर्ल्ड नावाचा, टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला मड १९९१पासून आहे, आणि त्यात आजही लोक अर्ज करतात, तपासले जातात, पायरीवर पायरी चढतात आणि शेवटी विश्वस्त होतात. पगार अजून सुरू झालेला नाही.

ज्यांना इतका धीर नाही त्यांच्यासाठी एक मार्ग सांगून ठेवतो. सर्कलमडचा कोड अजूनही फुकट मिळतो. उतरवून घ्या, घरच्या यंत्रावर चालू करा आणि नाव टाका. खेळाडूंची यादी रिकामी असताना जो पहिला आत येतो त्याला कोड काहीही न विचारता थेट चौतिसाव्या पातळीवर बसवतो. अर्ज नाही, शिफारस नाही, घन-द्रव नाही. फक्त यंत्र चालू करून चहा आणायला उठू नका. घरातलं दुसरं कोणी मध्येच नाव टाकून बसलं, तर तुम्हाला पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागेल, आणि बढती मागायला त्यांच्याचकडे जावं लागेल.